फाइल दुसऱ्या प्रोग्रामने उघडली आहे का, हे कोडमधून ओळखणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रामिंग शिकणारे विद्यार्थी, हिशेबाची छोटी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि कार्यालयातील एक्सेलच्या फायलींवर रात्री प्रोग्राम चालवणारे यांच्याकडून हे प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतात. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत आणि अडचणीचे अपवाद पुढे आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या ठिकाणी लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फाइल ‘उघडी आहे’ म्हणजे नेमके काय?

फाइलमधला मजकूर पडद्यावर दिसतो आहे म्हणजे फाइल उघडी आहे, असे आपण बोलताना म्हणतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी मात्र याचा अर्थ वेगळा आणि फार काटेकोर आहे. प्रोग्राम फाइल मागतो तेव्हा सिस्टीम त्याला एक क्रमांक देते. विंडोजवर त्याला हँडल म्हणतात, लिनक्सवर फाइल डिस्क्रिप्टर. तो क्रमांक परत केला जाईपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत फाइल उघडी असते. नोटपॅड मजकूर वाचून घेतो आणि हँडल लगेच परत करतो, त्यामुळे नोटपॅडच्या खिडकीत तासभर दिसत असलेली फाइल सिस्टीमच्या दृष्टीने बंदच असते आणि ती कोणालाही खुशाल पुसता येते. वर्ड आणि एक्सेल मात्र सहसा दस्तऐवज बंद होईपर्यंत हँडल धरून ठेवतात. ‘नोटपॅडमध्ये फाइल उघडून बघितले, तरी माझा कोड ती बंद असल्याचे सांगतो’ ही तक्रार म्हणून कोडची चूक नसते. चाचणीसाठी निवडलेला प्रोग्राम चुकलेला असतो. चाचणीसाठी वर्ड वापरावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे फाइल उघडून दहा मिनिटे नुसता थांबणारा चार ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहावा.

२. ‘फाइल उघडी आहे का’ एवढेच विचारणारे एखादे तयार फंक्शन भाषांमध्ये का नसते?

कारण त्याचे उत्तर हातात पडेपर्यंत शिळे झालेले असते. समजा असे फंक्शन आहे, ते ‘नाही’ म्हणाले, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही फाइल पुसायला गेलात. या दोन ओळींच्या मधल्या काळात, मग तो मिलिसेकंदाचा काही भाग का असेना, सिस्टीम तुमचा प्रोग्राम बाजूला ठेवून दुसऱ्याला संधी देऊ शकते आणि तो दुसरा नेमकी तीच फाइल उघडू शकतो. तुमच्या संगणकावर हे हजार वेळा घडणार नाही. वर्दळीच्या सर्व्हरवर आठवड्यातून एकदा घडेल आणि कारण सापडणार नाही.

म्हणून या विषयातली माझी ठाम भूमिका अशी की ‘आधी विचारा, मग करा’ ही रचनाच सोडून द्यावी. जे काम करायचे आहे ते थेट करायला घ्यावे, सिस्टीमने नकार दिला तर तो नकार ओळखावा, आणि होकार दिला तर मिळालेले हँडल काम पूर्ण होईपर्यंत सोडू नये. चाचणीसाठी फाइल उघडून बंद करायची आणि मग कामासाठी पुन्हा उघडायची, हा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की पुढील बहुतेक उत्तरे त्याच एका सवयीविरुद्ध आहेत, असे समजायला हरकत नाही. वापरकर्त्याला आधीच सूचना देण्यापुरती चौकशी चालते. निर्णय मात्र तिच्यावर सोपवू नये.

३. विंडोजवर सर्वात भरवशाची पद्धत कोणती?

फाइल कोणाशीही वाटून न घेता, म्हणजे एकट्यासाठी, उघडण्याचा प्रयत्न करणे. विंडोजच्या ‘क्रिएटफाइल’ या फंक्शनला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मला फाइलवर काय करायचे आहे, आणि माझ्याकडे ती असताना इतरांना काय करू द्यायचे आहे. या दुसऱ्या गोष्टीला शेअर मोड म्हणतात. त्यात वाचण्याची, लिहिण्याची आणि पुसण्याची अशा तीन परवानग्या असतात, आणि शून्य दिले तर कोणालाच काही करता येत नाही.

तपासणी दोन्ही बाजूंनी होते, आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. मी जे मागतो आहे त्याला आधीच्या प्रत्येक धारकाने मोकळीक दिलेली असली पाहिजे. आणि आधीचे धारक जे करत आहेत त्याला मीही माझ्या शेअर मोडमध्ये मोकळीक दिली पाहिजे. यातले एकही जुळले नाही तर प्रयत्न फसतो आणि एरर क्रमांक ३२, म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन, मिळतो. शेअर मोड शून्य ठेवून वाचन-लेखनासाठी फाइल मागितली, तर वाचण्या-लिहिण्यासाठी दुसऱ्या कोणीही ती धरलेली असताना ती मिळणार नाही. मिळाली तर ती तुमच्या एकट्याची आहे, आणि तुम्ही हँडल सोडेपर्यंत तशीच राहील. प्रश्न २ मधली अडचण या पद्धतीत उरत नाही, कारण चाचणी आणि ताबा ही इथे एकच क्रिया आहे.

एरर क्रमांक ३३ याच्याशी संबंधित असला तरी वेगळा आहे: फाइल उघडली, पण तिच्या ज्या भागात तुम्ही वाचता-लिहिता आहात तेवढा भाग दुसऱ्याने लॉक केला आहे.

४. सी-शार्पमध्ये मी आयओ-एक्सेप्शन (फाइल वाचता-लिहिताना येणारा अपवाद, म्हणजे प्रोग्राम चालताना कळवली जाणारी चूक) पकडतो आणि ‘फाइल उघडी आहे’ असे समजतो. हे बरोबर आहे का?

नाही. डिस्क भरणे, नेटवर्क तुटणे, मार्ग चुकीचा असणे, फाइलच नसणे या सगळ्यांसाठी आयओ-एक्सेप्शन किंवा त्याचाच एखादा उपप्रकार येतो. ‘फाइल-नॉट-फाउंड’ हा अपवादही त्याचाच वारस आहे. त्यामुळे नसलेली फाइल ‘कोणीतरी उघडली आहे’ म्हणून तुमचा प्रोग्राम रात्रभर वाट पाहत बसेल. अपवादाच्या ‘एच-रिझल्ट’ या, एरर क्रमांक साठवणाऱ्या, गुणधर्माचे खालचे १६ बिट काढून ते ३२ किंवा ३३ आहेत का, एवढेच पाहावे; बाकी सर्व अपवाद जसेच्या तसे वर जाऊ द्यावेत. डॉटनेट ४.५ च्या आधी हा गुणधर्म बाहेरून वाचता येत नसे, म्हणून जुन्या कोडमध्ये ‘मार्शल’ वर्गातून तो काढलेला दिसतो. हेतू तोच आहे.

दुसरा खड्डा ‘अनऑथराइज्ड-अॅक्सेस’ या अपवादाचा आहे. फाइलवर ‘फक्त वाचनासाठी’ ही खूण असेल किंवा तुम्हाला लिहिण्याची परवानगी नसेल, तर वाचन-लेखनाची मागणी केल्यावर हा अपवाद येतो. फाइल उघडी असण्याशी त्याचा संबंध नाही आणि तो आयओ-एक्सेप्शनचा उपप्रकारही नाही, त्यामुळे तो न पकडल्याने प्रोग्राम कोसळतो. अशा फायलींसाठी केवळ वाचनाची मागणी करावी आणि शेअर मोड मात्र ‘नन’, म्हणजे प्रश्न ३ मधला शून्य, ठेवावा.

५. दुसरा प्रोग्राम लॉग फाइल लिहीत असताना मला ती फक्त वाचायची आहे. तरी एरर का येतो?

‘फाइल-ओपनरीड’ किंवा ‘रीडऑलटेक्स्ट’ ही सोपी फंक्शने शेअर मोड ‘रीड’ असा ठेवतात. त्याचा अर्थ होतो: मी वाचत असताना इतरांनी फक्त वाचावे. लॉग लिहिणारा तर आधीच लिहीत बसला आहे, म्हणजे तुम्हीच त्याला मोकळीक नाकारलीत (प्रश्न ३ मधील दुहेरी तपासणी). फाइल-स्ट्रीम स्वतः तयार करून त्यात मागणी ‘रीड’ आणि शेअर मोड ‘रीडराइट’ असा दिला की बहुतेक लॉग फायली वाचता येतात. शेवटची ओळ अर्धवट लिहिलेली असू शकते, हे लक्षात ठेवून ती पुढच्या खेपेला पुन्हा वाचावी.

६. पायथनमध्ये फाइल दोन प्रोग्राममधून एकाच वेळी उघडते, एररच येत नाही. असे का?

विंडोजवर पायथनचे ‘ओपन’ सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतून जाते आणि तिथे वाचन व लेखन दोन्ही इतरांशी वाटून घेतले जाते. दोन्ही प्रोग्राम उदार, म्हणून तक्रार कोणाचीच नाही. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी असताना पायथनने लिहिण्यासाठी मागितली तर मात्र ‘परमिशन-एरर’ क्रमांक १३ येतो, आणि इथेच लोक फसतात: परवानगी नाही म्हणूनही १३, आणि दुसऱ्याने धरली आहे म्हणूनही १३. सी लायब्ररी विंडोजचा मूळ ३२ क्रमांक गाळून टाकते. नेमके कारण हवे असेल तर पायविन३२ किंवा सी-टाइप्स या पायथनच्या लायब्ररींमधून थेट ‘क्रिएटफाइल’ला शेअर मोड शून्य देऊन बोलवावे.

फाइलचे नाव बदलून तेच नाव पुन्हा देऊन पाहण्याची युक्ती अनेक ठिकाणी सुचवलेली आढळते. विंडोजवर ती बऱ्याचदा चालते आणि ३२ क्रमांकही देते, पण समोरच्या प्रोग्रामने पुसण्याची मोकळीक दिलेली असेल तर ती गप्प राहते. लिनक्सवर ती काहीच सांगत नाही.

एक कळकळीची सूचना: चाचणीसाठी फाइल ‘डब्ल्यू’, म्हणजे नव्याने लिहिण्याच्या, मोडमध्ये कधीही उघडू नये. कोणी धरलेली नसेल तर ती उघडते आणि त्याच क्षणी रिकामी होते.

७. जावामध्ये काय करावे?

‘फाइल-चॅनल’चे ‘ट्रायलॉक’ हे फंक्शन दुसऱ्या प्रोग्रामने तसेच लॉक घेतले असेल तर ‘नल’ देते. लॉक न घेता नुसती फाइल उघडून बसलेला प्रोग्राम त्याला दिसत नाही. लॉक आपल्याच जेव्हीएममधल्या (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेतल्या) दुसऱ्या थ्रेडकडे असेल तर ‘नल’ न येता अपवाद येतो, म्हणून तो वेगळा पकडावा लागतो. विंडोजपुरते बोलायचे तर जेडीकेच्या (जावाच्या विकास-संचाच्या) ‘एक्स्टेंडेड-ओपन-ऑप्शन’मध्ये वाचन, लेखन आणि पुसणे न वाटण्याचे तीन पर्याय आहेत, ते तिन्ही दिले की प्रश्न ३ मधलीच पद्धत जावातून वापरता येते. ‘फाइल-आउटपुट-स्ट्रीम’ने चाचणी करणे म्हणजे वर सांगितलेला ‘डब्ल्यू’ मोडचा धोकाच होय.

८. एक्सेलच्या मॅक्रोतून दुसरे वर्कबुक कोणी उघडले आहे का, हे कसे पाहू?

मॅक्रोच्या भाषेत, म्हणजे व्हीबीएमध्ये, ‘ओपन’ विधान बायनरी प्रकाराने, वाचन-लेखनासाठी आणि ‘लॉक रीड राइट’सह चालवावे. एरर ७० आला तर फाइल दुसऱ्याकडे आहे. एरर ५५ आला तर तुमच्याच मॅक्रोने आधी ती उघडून बंद केलेली नाही. फाइल अस्तित्वातच नसेल तर बायनरी प्रकार ती गुपचूप तयार करतो, त्यामुळे आधी ‘डिर’ने ती आहे याची खात्री करावी; नाहीतर फोल्डरमध्ये शून्य बाइटची, एक्सेलला न उघडणारी फाइल मागे राहते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ‘आमची फाइल खराब झाली’ म्हणून घाबरून जाते.

९. फाइल नेमकी कोणत्या प्रोग्रामने धरली आहे, त्याचे नाव मिळेल का?

विंडोज व्हिस्टापासून यासाठी अधिकृत सोय आहे. तिचे नाव रीस्टार्ट मॅनेजर. सॉफ्टवेअर बसवताना कोणते प्रोग्राम बंद करावे लागतील हे कळावे, यासाठी ती बनवली गेली. वापरण्याचा क्रम असा: सत्र सुरू करणे, फाइलचा पूर्ण मार्ग नोंदवणे, ‘आरएम-गेटलिस्ट’ने यादी मागणे आणि सत्र बंद करणे. पहिल्या वेळी रिकामी जागा देऊन विचारले की ती २३४ हा क्रमांक, म्हणजे ‘अजून माहिती आहे’, आणि किती नोंदींची जागा लागेल ते सांगते. तेवढी जागा घेऊन पुन्हा विचारायचे. या दोन विचारणांच्या मध्ये यादी वाढू शकते, म्हणून हे लूपमध्ये लिहावे. प्रत्येक नोंदीत प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक आणि ती सुरू झाल्याची वेळ अशी जोडी असते. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण प्रोसेस संपल्यावर विंडोज तोच क्रमांक दुसऱ्याला देते. सत्र बंद करायला विसरू नये, कारण एका वापरकर्त्याला एका वेळी ६४ सत्रेच मिळतात.

ही सोय फायलींसाठी आहे, फोल्डरसाठी नाही. दुसऱ्या संगणकावरून धरलेली फाइलही तिला दिसत नाही. त्यासाठी प्रश्न १३ पाहावा. कोड न लिहिता हाताने शोधायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ उघडून कंट्रोल-एफ दाबावे आणि फाइलचे नाव टाकावे. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात छडा लागतो.

१०. हाच कोड लिनक्सवर नेला, तर तो नेहमी ‘फाइल मोकळी आहे’ असेच सांगतो. का?

युनिक्स घराण्यात शेअर मोड ही कल्पनाच नाही. दहा प्रोग्राम एकच फाइल उघडू शकतात, अकरावा तिचे नाव पुसू शकतो आणि कोणालाही नकार मिळत नाही. त्यामुळे ‘उघडून पाहा, नकार ओळखा’ ही पद्धत इथे पोकळ ठरते. डॉटनेट लिनक्सवर ‘शेअर नन’ची नक्कल ‘फ्लॉक’ या लॉकने करते, पण तो लॉक फक्त ‘फ्लॉक’ मानणाऱ्या प्रोग्रामनाच दिसतो. तुमचे दोन डॉटनेट प्रोग्राम एकमेकांना ओळखतील, संपादकात उघडलेली फाइल ओळखणार नाहीत.

पाहायचेच असेल तर ‘प्रॉक’ या आभासी फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘एफडी’ नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यातल्या दुव्यांवरून उघड्या फायली कळतात. ‘एलएसओएफ’ आणि ‘फ्यूझर’ या आज्ञा तेच वाचून दाखवतात. सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्याच प्रोसेस पाहता येतात, त्यामुळे रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार नसताना मिळालेली रिकामी यादी म्हणजे ‘कोणीच उघडलेली नाही’ असा निष्कर्ष काढू नये. कंटेनरच्या, म्हणजे इतरांपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त वातावरणाच्या, आतून पाहिले तर बाहेरच्या प्रोसेसही दिसत नाहीत. मॅकवरही ‘एलएसओएफ’ सिस्टीमसोबतच मिळते आणि वरील बहुतेक विवेचन तिथेही लागू पडते, फक्त ‘प्रॉक’ फोल्डर नसतो.

११. मग लिनक्सवर लॉक वापरले तर?

दोन्ही प्रोग्राम तुमचे असतील तर जरूर वापरावे. हे लॉक सल्ल्यापुरते असतात: जो विचारतो त्यालाच अडवतात. सक्तीचे लॉक लिनक्समध्ये पूर्वी होते, पण त्यांचा भरवसा नव्हता आणि ५.१५ या आवृत्तीत ते काढून टाकले गेले.

‘एफसीएनटीएल’ या सिस्टीम फंक्शनच्या पारंपरिक पॉझिक्स (युनिक्सच्या मानकातील) लॉकमध्ये एक जुने दुखणे आहे आणि त्याने अनेकांच्या रात्री खाल्ल्या आहेत. एका प्रोसेसने एकच फाइल दोनदा उघडली, पहिल्या डिस्क्रिप्टरवर लॉक घेतला आणि दुसरा डिस्क्रिप्टर बंद केला, तर पहिल्यावरचा लॉकही सुटतो. ही दुसऱ्यांदा उघडणारी ओळ तुमच्या कोडमध्ये नसून एखाद्या लायब्ररीच्या पोटात असू शकते. लिनक्स ३.१५ पासून आलेले ‘ओएफडी’ लॉक प्रोसेसशी न जोडता उघडलेल्या प्रतीशी जोडलेले असल्यामुळे हा दोष त्यांत नाही. नवीन काम हाती घेत असाल तर तेच वापरावेत किंवा ‘फ्लॉक’ वापरावा.

१२. समोरचा प्रोग्राम लॉक घेत नसला, तरी लिनक्सवर खात्रीने कळण्याचा काहीच मार्ग नाही का?

एक आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते: लीज. ‘एफसीएनटीएल’मधून फाइलवर लेखनाची लीज मागितली तर ती फाइल इतर कोणीही उघडलेली नसेल तेव्हाच मिळते; अन्यथा ‘ईअगेन’ हा एरर येतो. लीज मिळाल्यावर दुसरा कोणी फाइल उघडायला आला, तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याला थोपवून तुम्हाला संकेत पाठवते आणि तुम्ही काम आवरून लीज सोडावी अशी अपेक्षा करते. ही मुदत मुळात ४५ सेकंदांची असते. त्यानंतर लीज काढून घेतली जाते. फाइल तुमच्या मालकीची असावी लागते किंवा तसा विशेष अधिकार लागतो, आणि सगळ्या फाइलसिस्टीम ही सोय देत नाहीत.

१३. फाइल सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. कोणाच्या संगणकावर उघडी आहे, हे कसे कळेल?

विंडोज सर्व्हर असेल तर उघडी आहे का हे प्रश्न ३ मधल्या पद्धतीनेच कळते, कारण शेअर मोड सर्व्हर सांभाळतो आणि कोणत्याही संगणकावरून विचारले तरी तोच नियम लागतो. कोणाकडे, हे मात्र सर्व्हरलाच विचारावे लागते. पॉवरशेलमधील ‘गेट-एसएमबी-ओपनफाइल’ ही आज्ञा संगणक आणि वापरकर्ता दोन्ही दाखवते. जुनी ‘नेट फाइल’ आज्ञाही चालते. दोन्हींना प्रशासकाचे अधिकार लागतात. सर्व्हर लिनक्सवरचा सांबा (विंडोजसारखे शेअर्ड फोल्डर देणारा प्रोग्राम) असेल तर ‘एसएमबी-स्टेटस’ वापरावे.

एनएफएसवर, म्हणजे युनिक्स-लिनक्सच्या नेटवर्क फोल्डरवर, ‘एलएसओएफ’ फक्त ज्या संगणकावर चालवले त्याचीच माहिती देते. आणि फोल्डर क्लाउडशी जुळवलेला असेल, म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र प्रत असेल, तर दुसऱ्याने त्याची प्रत उघडली आहे हे तुमच्या सिस्टीमला समजण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे या पानावरील एकही पद्धत लागू नाही.

१४. वर्डच्या फाइलशेजारी ‘~$’ने सुरू होणारी लपवलेली फाइल दिसते. ती आहे का एवढेच पाहिले तर चालेल का?

सूचना म्हणून चालेल, पुरावा म्हणून नाही. ही मालकदर्शक फाइल दस्तऐवज उघडणाऱ्याचे नाव साठवते, आणि दुसरा कोणी तोच दस्तऐवज उघडायला गेला की वर्ड जे नाव दाखवते ते तिच्यातून येते. लिब्रेऑफिसही ठिपक्याने सुरू होणारी अशीच खुणेची फाइल ठेवते. संगणक अचानक बंद पडला, वीज गेली, नेटवर्क तुटले की या फायली मागे राहतात आणि दस्तऐवज मोकळा असूनही अडल्यासारखा भासतो. तुमचा प्रोग्राम फोल्डरमधल्या सर्व फायलींवर काम करत असेल तर या फायली आधी वगळाव्यात. नाहीतर तो त्यांनाच दस्तऐवज समजून उघडायला जाईल.

१५. फोल्डरमध्ये नवीन फाइल येताच तिच्यावर काम सुरू करायचे आहे, पण ती पूर्ण लिहून झाली आहे हे कसे ओळखू?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हा आहे आणि सर्वाधिक नुकसानही इथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. विंडोजचा ‘फाइल-सिस्टीम-वॉचर’ फाइल तयार झाल्याची वर्दी देतो ती फाइल जन्मते त्या क्षणी, पूर्ण झाल्यावर नाही. लिनक्सवरील ‘आयनोटिफाय’ या बदल कळवणाऱ्या सोयीमध्ये लेखनासाठी उघडलेली फाइल बंद झाल्याची वेगळी वर्दी मिळते आणि ती पुष्कळ उपयोगी आहे, पण एखादा प्रोग्राम फाइल उघड-बंद करत टप्प्याटप्प्याने लिहीत असेल तर पहिलीच वर्दी फसवी ठरते. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या संगणकाने केलेले बदल तर आयनोटिफायला कळतच नाहीत.

यावर लोक सहसा फाइलचा आकार दोन सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहतात आणि तो बदलला नाही की फाइल पूर्ण मानतात. एका पतसंस्थेच्या कामात मीही तेच केले होते. पिग्मी गोळा करणाऱ्या यंत्रांची दिवसभराची फाइल संध्याकाळी फोल्डरमध्ये येत असे आणि माझा प्रोग्राम ती खात्यांवर चढवत असे. एके दिवशी फाइल लिहिणारा प्रोग्राम मध्येच चार-पाच सेकंद थांबला, आकार स्थिर दिसला आणि माझ्या प्रोग्रामने अर्धी फाइल उचलली. शेवटच्या ओळीत खाते क्रमांक होता, स्वल्पविराम होता आणि त्यापुढे रक्कमच नव्हती. ती ओळ सदोष म्हणून वगळली गेली, तिच्या नंतरच्या ओळी तर आल्याच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदार पासबुक घेऊन खिडकीशी उभे राहिले. रोजचे पन्नास-शंभर रुपये मोजून देणाऱ्या माणसाला ‘आकार स्थिर होता’ हे उत्तर देता येत नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. पहिली: लिहिणाऱ्याने फाइल वेगळ्या, तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे. एकाच फाइलसिस्टीमच्या आत नाव बदलणे ही अखंड क्रिया असते, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल एकतर नसते किंवा संपूर्ण असते. फायरफॉक्स आणि क्रोम डाउनलोड चालू असताना वेगळे नाव ठेवतात, तेही याच कारणाने. तात्पुरती फाइल मात्र दुसऱ्या ड्राइव्हवर नसावी. तसे असल्यास नाव बदलण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात नक्कल होते आणि अखंडपणा जातो. दुसरी: फाइलच्या शेवटी ओळींची संख्या आणि एकूण रक्कम देणारी समाप्तीची ओळ असावी. लिहिणारा प्रोग्राम तुमच्या हातात नसेल आणि यांतले काहीच शक्य नसेल, तर विंडोजवर प्रश्न ३ मधली एकट्याची मागणी आणि आकाराची चाचणी दोन्ही एकत्र वापराव्यात, आणि मजकूर अर्धवट निघाल्यास संपूर्ण फाइल नाकारावी, एखादी ओळ वगळू नये.

१६. कोणीही फाइल उघडलेली नसताना कधीतरी एरर ३२ येतो आणि पुन्हा चालवले की जातो. हे कशामुळे?

बहुतेकदा अँटीव्हायरसमुळे, नाहीतर विंडोजच्या शोध-सूचीमुळे किंवा क्लाउडशी जुळवणी करणाऱ्या प्रोग्राममुळे. नवीन फाइल दिसली की हे सगळे ती क्षणभर उघडून पाहतात. १०० मिलिसेकंद, मग २००, मग ४०० असे अंतर दुप्पट करत पाच-सहा प्रयत्न करावेत आणि तरीही नकार आला तर थांबून वापरकर्त्याला सांगावे. फक्त ३२ आणि ३३ साठीच पुन्हा प्रयत्न करावा (प्रश्न ४).

१७. फाइल माझ्याच प्रोग्रामने धरून ठेवली आहे, असे होऊ शकते का?

होते, आणि इतरांवर संशय घेण्याआधी हेच तपासावे. प्रश्न ९ मधल्या यादीत आपलेच नाव येणे मुळीच दुर्मीळ नाही. सी-शार्पमध्ये ‘युझिंग’ आणि पायथनमध्ये ‘विथ’ न वापरल्याने, किंवा मध्येच अपवाद आल्याने, बंद करण्याची ओळ चालतच नाही. चित्र फाइलवरून उघडून दाखवणारे काही वर्ग ते चित्र वापरात असेपर्यंत फाइल सोडत नाहीत. याहून छुपा प्रकार वारशाने गेलेल्या हँडलचा आहे: तुमच्या प्रोग्रामने फाइल उघडी असताना दुसरा प्रोग्राम सुरू केला, त्याला हँडलची प्रत मिळाली, आणि तुम्ही तुमचे बंद केले तरी त्याच्याकडचे राहिले. पायथनने ३.४ पासून हा वारसा मुळातच बंद केला.

१८. प्रश्न ९ मधल्या यादीत कोणाचेच नाव नाही, तरीही फाइल किंवा फोल्डर पुसता येत नाही. आता काय?

फोल्डर असेल तर कमांड प्रॉम्प्टची एखादी खिडकी त्या फोल्डरमध्ये ‘उभी’ आहे का पाहावे. प्रोसेसचा चालू फोल्डर विंडोज धरून ठेवते. फाइल असेल तर ती स्मृतीत मॅप केलेली, म्हणजे एखाद्या प्रोग्रामच्या स्मृतीशी थेट जोडलेली, असू शकते: हँडल बंद झाले तरी मॅपिंग राहते आणि अशी फाइल लहान करायला गेल्यास एरर १२२४ येतो. चालू असलेला ‘ईएक्सई’ पुसता येत नाही, नाव मात्र बदलता येते, आणि स्वतःला अद्ययावत करणारे अनेक प्रोग्राम याच सवलतीचा उपयोग करतात.

लिनक्सवर याच्या उलट तक्रार येते: मोठी लॉग फाइल पुसली, पण डिस्कवरची जागा मोकळी झाली नाही. नाव गेले तरी ज्या प्रोग्रामकडे ती उघडी आहे त्याच्यासाठी मजकूर शिल्लक असतो. ‘एलएसओएफ’ला अधिक-चिन्हासह ‘एल१’ हा पर्याय दिला की अशा निनावी फायली दिसतात; तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा परत मिळते.

१९. दुसऱ्या प्रोग्रामचे हँडल मी कोडमधून जबरदस्तीने बंद करू शकतो का?

अधिकार असतील तर करता येते, पण करू नये. त्या प्रोग्रामला आपले हँडल गेल्याचे कळत नाही. तोच क्रमांक सिस्टीम पुढच्या क्षणी त्याच्याच दुसऱ्या एखाद्या फाइलला देऊ शकते, आणि मग तो पहिल्या फाइलसाठीचा मजकूर दुसरीत लिहितो. सर्व्हरवरून ‘क्लोज-एसएमबी-ओपनफाइल’ने फाइल सोडवली तर त्या फाइलवर काम करणाऱ्याचे न साठवलेले बदल जाऊ शकतात. प्रोग्रामने फाइलचे नाव, ती कोणाकडे आहे आणि किती वाजता अडली एवढे लॉगमध्ये लिहून काम पुढच्या फेरीपर्यंत लांबवावे. घाईचेच असेल तर प्रश्न १३ मधल्या आज्ञेने वापरकर्ता शोधून त्याला फोन करावा आणि फाइल साठवून बंद करायला सांगावे.